०.९६ टक्के

भाच्यानं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः सोफ्याच्या अगदी कडेला टेकला. तीस वर्षं बँकेत कर्जाची प्रकरणं केली, त्यामुळे माणूस खुर्चीत किती मागे रेलून बसतो यावरून मला फाइलचा अंदाज येतो. कडेला टेकणाऱ्याच्या प्रोजेक्शनमध्ये हटकून काहीतरी सापडतं.

"मामा, तू फक्त एकदा नजर टाक. उद्या बँकेत द्यायचंय."

फाइलचं नाव 'फायनल फायनल ३'. धंदा फ्रोजन उकडीच्या मोदकांचा. बारा महिने, घरपोच, नग ३५ रुपये. पहिल्या वर्षाची विक्री १ कोटी २५ लाख. आणि त्याखाली बारीक अक्षरात : रोजची विक्री ९७८.४७ मोदक.

"हे बिंदू सत्तेचाळीस काय?"

"ॲव्हरेज आहे मामा."

तो बिंदू सत्तेचाळीस मोदक मी डोळ्यांपुढे आणून पाहिला. कळ्या अर्ध्याच, नाक नाही, एका अंगानं सारण डोकावतंय. असा मोदक झाला तर आमची ताई तो नैवेद्याच्या ताटात ठेवत नाही, पोरांच्या हातावर देते. इथे मात्र त्याला थेट ताळेबंदात जागा मिळाली होती. आकड्याला दशांश चिन्ह चिकटलं की तो मोजून आणल्यासारखा दिसतो, ही युक्ती आम्ही बँकवाल्यांनीच लोकांना शिकवली.

आधार काय, म्हणून विचारलं तर पोरगं तयारीत होतं. गेल्या गणपतीत त्यानं सोसायटीत 'पायलट' केला होता. चतुर्थीला ७८० मोदक गेले, दुसऱ्या दिवशी ९०, अनंत चतुर्दशीला २३०. एकूण ११००. भागिले तीन, गुणिले ३६५. झाली वर्षाची विक्री : १ लाख ३३ हजार मोदक. दुसऱ्या दिवशी एकदम नव्वदवर का आले, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. त्या दिवशी ऋषिपंचमी होती हे ताईनं स्वयंपाकघरातून सांगितलं. "आणि चौदसीनंतर लगेच पितृपंधरवडा. तेव्हा कोण घेणारे मोदक? खीर-वडे कर म्हणावं." बाजारपेठेचा एवढा नेमका अभ्यास मी मोठमोठ्या सल्लागारांच्या गुळगुळीत अहवालांतही वाचलेला नाही. पण ताईकडे लॅपटॉप नाही, भिंतीवर कॅलेंडर आहे.

शिवाय त्या ११०० मध्ये कोण कोण होतं? त्रेसष्ट मोदकांचा गिऱ्हाईक तर मी स्वतः. भाच्याचा पहिला धंदा, मामानं नाही घ्यायचे तर कोणी? त्यातले एकवीस अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहेत, मटारांच्या पिशवीमागे. एक उकडून पाहिला, तर पारीला बरोबर मधोमध भेग गेली. एक्सेलच्या तक्त्यात माझी नोंद 'समाधानी ग्राहक' अशी आहे.

मग वाढीचा दर. आदल्या वर्षी ४०० गेले होते, यंदा ११००. म्हणजे १७५ टक्के वाढ. पुढची पाच वर्षं त्याच दरानं धरलेली. मी म्हटलं, पाचावर का थांबलास, खाली ओढ की. त्यानं माउसनं ओळ खाली ओढली. दहाव्या वर्षी पावणेतीन कोटी मोदक. सोळाव्या वर्षी ११७७ कोटी. म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला जवळजवळ दीड मोदक, त्यात तान्ही बाळं आली, मधुमेही आले आणि ज्यांनी गणपतीचं नावही ऐकलेलं नाही तेही आले. भाचा स्क्रीनकडे बघत राहिला. मला वाटलं, लाजला. तो म्हणाला, "एक्स्पोर्टचा विचार आम्ही फेज टूमध्ये केलाय."

असं म्हणणारा तो पहिला नव्हे. सेगवे नावाची दोन चाकांची, उभं राहून चालवायची गाडी २००१ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा तिचा जनक डीन केमन आठवड्याला दहा हजार गाड्यांची भाषा करत होता. विकल्या किती, ते कंपनी सांगेना. २००६ मध्ये दोष निघाला म्हणून तोवर विकलेल्या झाडून सगळ्या परत बोलावल्या, तेव्हा आकडा बाहेर आला : सुमारे २३,५००. जवळपास पाच वर्षांचा. ठरलेल्या वेगानं तो अडीच आठवड्यांचा होता.

आणि नॅनो तर आपल्या पुण्यातच बेतलेली. स्कूटरवर चौघांचं कुटुंब पावसात भिजत जातं, त्यांना लाखात गाडी, ही कल्पना ऐकून कोणाचा गळा भरून आला नव्हता? २००९ मध्ये दोन लाखांवर लोकांनी नावंही नोंदवली. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांचा. सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, गेल्या पाऊण लाखाच्या आसपास. जून २०१८ मध्ये कारखान्यातून एक गाडी बाहेर पडली. हो, एक. सिंगूरचं आंदोलन, पेट घेतलेल्या काही गाड्या ही कारणं खरीच आहेत. पण स्कूटरवरच्या माणसाला गाडी हवी होती, 'सर्वांत स्वस्त गाडी' नको होती. शेजारी काय म्हणतील, हा रकाना प्रोजेक्शनमध्ये नसतो. स्वस्त म्हणून ती गाजवली ही चूक झाली, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं.

"पण मामा, ते सगळे ॲग्रेसिव्ह होते," भाचा म्हणाला. "मी कॉन्झर्व्हेटिव्ह धरलंय. पायलटवरून सत्तेचाळीस लाखच येत होते, ग्रोथ लावली तरी बँकेला पटलं नसतं, म्हणून मार्केट साइझवरून गेलो. हे बघ." २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे ३१ लाख माणसं. त्यातली ०.९६ टक्के आपली गिऱ्हाइकं. प्रत्येकी संकष्टीला एक मोदक, वर्षाला बारा. "एक टक्कासुद्धा नाही!"

हा एक टक्का म्हणजे धंदेवाल्यांचा जुना देव आहे. शांघायमध्ये जाहिरातीची कंपनी चालवणाऱ्या कार्ल क्रो या अमेरिकन माणसानं १९३७ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'चाळीस कोटी गिऱ्हाइकं'. परदेशी व्यापारी यायचे, चिन्यांची डोकी मोजायचे आणि बोटीवर बसल्या बसल्या श्रीमंत व्हायचे. डोकं आहे म्हणजे खिसा आहे, खिसा आहे म्हणजे तो आपल्याच दुकानापुढे उघडणार.

मी त्याला एवढंच विचारलं, की दिवसभर कडक उपास करून चंद्रोदयाला एकच मोदक खाणारा पुणेकर तू कुठे पाहिलास? आणि पाहिला असलास, तर असे २९,७६२ जण एकाच संध्याकाळी ऑर्डर देणार, मग तुझं रोजचं ९७८.४७ कुठे गेलं? तुझ्याकडे वळणाऱ्या मावशी दोन. एकीचा हात दिवसाला दोनशेचा. दोघी वर्षभर दिवाळी-दसरा न पाहता वळत बसल्या तरी एक लाख शेहेचाळीस हजार होतात. तक्त्यात विकलेत तीन लाख सत्तावन्न हजार.

"मावशी स्केल करता येतात," तो म्हणाला.

पण मला खरी खुटखुट लागली होती ती ०.९६ ची. खोटं बोलणारा माणूस एक म्हणतो, फार तर अर्धा म्हणतो. शहाण्णव कुणाच्या तोंडात येतं? मी त्या चौकटीवर क्लिक केलं. वर सूत्र दिसलं. टक्क्यावरून विक्री काढलेली नव्हती. विक्रीवरून टक्का काढला होता. सव्वा कोटी भागिले ३५, भागिले १२, भागिले ३१ लाख. आणि सव्वा कोटी कुठून आले, तर दुसऱ्या शीटवर, पाव कोटी भागिले वीस टक्के.

इथे मी लॅपटॉप बंद केला, कारण ते वीस टक्के माझ्या ओळखीचे होते. छोट्या उद्योगांना खेळतं भांडवल किती द्यायचं यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीनं सोपा उपाय सुचवला होता : अंदाजे वार्षिक विक्रीच्या वीस टक्के बँकेनं द्यावेत, पाच टक्के मालकानं घालावेत. हेतू चांगला होता. छोट्या माणसाला कागदपत्रांत घोळवू नका, हा. मग लोकांनी ते उलटीकडून वाचायला सुरुवात केली. पंचवीस लाखांची सीसी हवी? मग विक्री सव्वा कोटीची 'अंदाजे'. सीए पहिला प्रश्न विचारतो तो धंदा काय हा नव्हे, कर्ज किती हवं हा. आणि माझ्या केबिनमध्ये समोर बसलेल्या किती तरी जणांना मी स्वतः, चहाचा कप पुढे सरकवत म्हणालोय, "अहो, एवढ्या विक्रीवर बसत नाही हो. जरा बघा काही वाढवता आली तर." ते बाहेरच्या बाकावर बसून वाढवून आणायचे. दहा मिनिटांत बाजारपेठ फुगायची. वर आमच्या शाखेचं टार्गेटही असंच यायचं : मागच्या वर्षीचा आकडा, अधिक वीस टक्के, खाली सही.

भाच्याला यातलं काही बोललो नाही. "पितृपंधरवडा तेवढा वजा कर," एवढं म्हणालो. त्यानं लिहून घेतलं.

चार दिवसांनी त्याचा फोन. आवाज सोफ्यात रेलून बसल्याचा.

"मामा, साहेब एकदम पॉझिटिव्ह आहेत. पण म्हणाले, मार्चएंड आहे, तीस लाखांचं करा. म्हणजे विक्री दीड कोटी."

"म्हणजे टक्का १.१५ वर गेला. आणखी ५,९५२ पुणेकर कुठून आणणार?"

"नाही नाही, पिंपरी-चिंचवड धरलं ना! सतरा लाख तिकडचे. आता टक्का पॉइंट सत्तेचाळ... थांब हं... पॉइंट सेव्हन फोर. उलट कमी झाला मामा! साहेब म्हणाले, हे जास्त कॉन्झर्व्हेटिव्ह दिसतंय."