घरघंटी लावू इच्छिणाऱ्यांस जाहीर सूचना

निवासी इमारतीत धंदा थाटायला जागा, भांडवल आणि कौशल्य लागते असा समज आहे. प्रत्यक्षात शेजारी लागतात. म्हणून होतकरू उद्योजकांच्या हितार्थ ही नियमावली. उदाहरणादाखल घरघंटी घेतली आहे, कारण ती आमच्या बरोबर डोक्यावर, वरच्या वहिनींच्या बाल्कनीत फिरते.

नियम 1. आधी कायदा वाचावा. राज्यातल्या मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना 2020 पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात घरगुती व्यवसायाची व्याख्या आहे आणि ती लिहिणाऱ्याने वहिनींना चोरून पाहिले असावे. धंदा घरच्याच माणसाने करावा. पगारी माणूस ठेवू नये. खानावळ काढू नये. घरात वापरतात त्यापलीकडची यंत्रे नकोत. आणि आत काही चालते अशी खूण बाहेरून दिसता कामा नये. इकडे दुकाने-आस्थापना म्हटली, की 2022 च्या दुरुस्तीनुसार मराठी पाटी हवीच. दोन्ही नियमांचा मान राखायचा तर पाटी ठळक मराठीत रंगवून आत, देव्हाऱ्याशेजारी टांगावी.

नियम 2. कागदपत्रे. ही सोपी आहेत. कामगार मोजकेच असतील तर 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की झाले. भाजणी, मेतकूट विकायचे तर अन्नसुरक्षेची प्राथमिक नोंदणी, वर्षाला 100 रुपये. सरकार शंभर रुपयांत गप्प बसते.

नियम 3. सोसायटी बसत नाही. आपला विषय वार्षिक सभेत लिफ्टची दुरुस्ती आणि टाकीची गळती यांच्यामध्ये यावा अशी व्यवस्था करावी. तोवर लोकांना चहाचे वेध लागतात. आमचे सेक्रेटरी मात्र चहा विसरून उभे राहिले. “व्यक्तीला विरोध नाही, वहिनी, प्रश्न तत्त्वाचा आहे. आज पीठ, उद्या वेल्डिंग!” वेल्डिंगची कल्पना तोवर कोणालाच सुचली नव्हती.

नियम 4. अंतर. हा खरा नगररचनेचा गाभा. गिरणी अशा जागी हवी, की पायात सपाता सरकवून जाता यावे, पण घरघर आपल्या दुपारच्या झोपेत शिरू नये. सर्व्हे करून पाहा, ही जागा म्हणजे शेजारची इमारत. शेजारच्या इमारतीचे मत विचारलेत तर ते आमच्या इमारतीकडे बोट दाखवतील. वाणी, इस्त्रीवाला, पोळीभाजी केंद्र, पाळणाघर, सगळ्यांना हाच न्याय. मीही सभेत शेजारच्याच इमारतीच्या बाजूने हात वर केला आणि डबा घेऊन वर गेलो.

नियम 5. मोठी दळणे गणपतीत उरकावीत. त्या दहा दिवसांत आवाजाची तक्रार कोणी ऐकूही शकत नाही.

नियम 6. दळणाचा क्रम. इथे थट्टा नको. गिऱ्हाइकाने डबा ठेवण्याआधी “आधी काय दळलंय?” एवढे विचारावे, बाजरीमागून गहू टाकला की पहिल्या पोळ्या करड्या होतात. उपवासाची राजगिरा-वरई जातं पुसल्यावर, सकाळी पहिली. गहू धुतलेले असतील तर खडखडीत वाळवून आणावेत. तीळ आणि शेंगदाणे आणूच नयेत, तेल सुटून जाळी बुजते आणि मग ती दाताच्या ब्रशने साफ करत बसावे लागते. चकलीच्या भाजणीचे प्रत्येक धान्य वेगळे भाजावे आणि पूर्ण निवल्यावरच दळावे. वहिनी कोमट भाजणी परत पाठवतात. दिवाळीआधीच्या आठवड्यात जिन्यात धण्याजिऱ्याचा वास भरतो, तेव्हा मला त्या घरघरीचे काही वाटत नाही. एरवी वाटते.

नियम 7. नाव डब्यावर लिहावे, झाकणावर नव्हे. घाईत झाकणे बदलतात. आमच्या डब्यावर सध्या सेक्रेटरींचे झाकण आहे. ते न्यायला अजून आलेले नाहीत. आले, तर डबा कुठे गेला होता ते सांगावे लागेल.