श्री. टार्गेट ब्लँक यांस अनावृत पत्र

मूळ गाव माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया
हल्ली मुक्काम: दिसेल त्या वेबसाइटवर

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमचे बाबा गेल्या महिन्यात सांगलीहून न्यू जर्सीला आले आणि माझ्या लॅपटॉपवर पाहुण्यांच्या विम्याची माहिती वाचायला बसले. तासाभराने हाक आली, "अगं, मागे जायचा बाण मेला!" पाहते तर 26 टॅब उघडे, प्रत्येक तिळाएवढा, आणि बाण फिकट पडलेला. लिंक नव्या टॅबमध्ये उघड असं ब्राउझरला सांगणारे आपण, प्रत्येक 'अधिक माहिती'मागे उभे होतात! पंगतीत भाजी मागितली की नवं ताट, कोशिंबीर मागितली की आणखी एक ताट. आग्रह असावा तर असा. संगणकातलं बाबांना एकच पक्कं येतं, डावा बाण दाबला की आल्या वाटेने परत. आपण नेमकं तेवढंच काढून घेतलंत.

1996 साली नेटस्केप नॅव्हिगेटर 2.0 या ब्राउझरने पानात चौकटी (फ्रेम्स) आणल्या. कुठली लिंक कुठे उघडायची हे सांगायला आपल्या घराण्याचा जन्म झाला. 1999मध्ये वेब वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी वेबरचनेच्या दहा ठळक चुका मोजल्या, त्यात नवी खिडकी उघडणं दुसरं. पहिला मान बॅक बटण निकामी करण्याचा. म्हणजे तिथेही हात आपलाच. त्याच वर्षी वेबपानांची भाषा एचटीएमएल, तिच्या 4.01च्या कडक आवृत्तीनेही आपल्याला घराबाहेरच ठेवलं. एचटीएमएल 5ने पुन्हा पाटावर बसवलं. आपले मावसभाऊ पॉप-अप यांचे जनक ईथन झुकरमन यांनी 2014 साली निदान जाहीर माफी तरी मागितली.

म्हणे, वाचक साइट सोडून जाऊ नये म्हणून हा खटाटोप! जाणारा जातोच हो. राहणाऱ्याला मात्र परतता येत नाही. ज्याला नवा टॅब हवा, तो कंट्रोल दाबून क्लिक करतो. त्याला आपली गरज नाही. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्याच वाट्याला आपण येता. अर्धा भरलेला फॉर्म पुसला जाऊ नये म्हणून मदतीचं पान वेगळं उघडलंत, तर तेवढ्यापुरते आभार. पण तिथेही 'नव्या टॅबमध्ये उघडेल' एवढे तीन शब्द लिहायला काय होतं?

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

ता. क. बाबा एकही टॅब बंद करू देत नाहीत. विम्याचा स्वस्त हप्ता त्यातल्याच कुठल्यातरी पानावर होता म्हणतात.