सावध आशावादी

सायप्रसला नेमलेला नवा विशेष दूत पहिल्या आठवड्यात लगेच ओळखू येतो. हे गृहस्थ भराभर चालतात. वर्षभरात उरकून टाकू, असा एकूण आविर्भाव. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९६४ च्या मार्चमध्ये इथे तीन महिन्यांच्या बोलीवर आली आणि अजून मुक्कामाला आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घालतं. ते मनमोकळं हसतात. पुढच्या वर्षी हसत नाहीत.

त्यांचं सगळं समसमान. दक्षिणेत ग्रीक सायप्रियट नेत्याकडे चाळीस मिनिटं बसले, तर उत्तरेत तुर्की सायप्रियट नेत्याकडेही चाळीसच; तिथला विषय विसाव्या मिनिटाला संपला तर उरलेला वेळ हवापाण्यावर. उत्तरेच्या राज्याला तुर्कस्तानवाचून कुणाची मान्यता नाही, म्हणून तिथे 'राष्ट्राध्यक्ष' म्हणायची सोय नाही. 'महोदय' म्हणून वेळ मारून नेतात. खरी परीक्षा कॉफीची. एकाच तऱ्हेने उकळलेली कॉफी बेट दुभागणाऱ्या रेषेच्या अलीकडे ग्रीक आणि पलीकडे तुर्की. ते पाणी मागतात.

'फिसकटलं' हे क्रियापद त्यांना चालवता येत नाही. २००४ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या, बेट पुन्हा एक करण्याच्या योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झालं. तुर्की सायप्रियटांपैकी ६५ टक्के 'हो' म्हणाले, ग्रीक सायप्रियटांपैकी ७६ टक्के 'नाही'. आपण याला बोजवारा म्हणू. आमचे दूत म्हणतात, "दोन्ही समाजांनी स्पष्ट कौल दिला." २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंताना इथे खुद्द सरचिटणीस गुटेरेश जेवणाच्या टेबलावर मध्यरात्र उलटेपर्यंत बसले, तरी तुर्की सैन्य आणि हमीदार देशांचे हक्क यांवर गाडं अडलंच. त्यावर यांचं निवेदन : पक्ष इतके जवळ कधीच आले नव्हते. (टेबलच लहान होतं, असं एखादा वात्रट म्हणेल.)

एक मात्र खरं, माणूस चिवट. संघर्षात हरवलेल्यांचे अवशेष शोधणाऱ्या समितीत दोन्हीकडची माणसं शेजारी शेजारी बसून हाडं ओळखतात, हे सांगताना त्यांचा सरकारी आवाज गळून पडतो. मग लगेच सावरून ते 'विश्वासनिर्मितीच्या उपाययोजनां'वर येतात.

एवढ्यात बाहेर, २००३ साली उघडलेल्या नाक्यांवर, दक्षिणेकडच्या गाड्या उत्तरेला निघालेल्या असतात. तिकडे पेट्रोल स्वस्त पडतं.