एक्सपीचं सोंग

चेंबूर स्टेशनबाहेर लग्नपत्रिका जुळवणाऱ्या दुकानात नवा संगणक येतो, तेव्हा पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवसापासून त्याला म्हातारा करायचं काम सुरू होतं. दुकानाचा संसार अजून पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमवर आहे ना! त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. युनिकोडशी तिची ओळख कधी झालीच नाही.

विधी ठरलेला. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘विंडोज एक्सपी’वर खूण. प्रोग्रॅमला सांगायचं की बाबा, एक्सपीचंच राज्य आहे. तो भाबडा बहुधा विश्वास ठेवतो. इन्स्टॉलर १६-बिटचा निघाला तर मात्र थाप सहसा पचत नाही. ६४-बिट विंडोजमधून १६-बिट प्रोग्रॅम चालवायची सोयच काढून टाकलीय.

मग कुणाचा तरी हुशार भाचा लिनक्सवर ‘वाइन’ टाकायचा सल्ला देतो. विंडोजच्या हाका लिनक्सला समजतील अशा करून सांगणारा हा दुभाषा १९९३ पासून घडतोय, त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. शनिवारी पत्रिका हवी असलेल्या वधूपित्याला हा इतिहास ऐकवून काय उपयोग?

बरं, पेजमेकर उघडलाच, तरी जुना मराठी फॉन्ट जागेवर नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी डॉलर, कंस आणि रोमन अक्षरांची वरात.

शेवटी कोपऱ्यातला, झाकण निघालेला जुना डबा चालू होतो. पत्रिका त्यावर जुळते. नव्या संगणकावरून व्हॉट्सॲपवर प्रूफ जातं.