पोथी न उघडणारे

श्रावणात आमच्या बोर्ली पंचतनात पोथी लागते. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे चहाची वाट बघतात. एखादा आगाऊ मध्येच विचारतो, “हे असंच कशावरून?” लगेच चार जण त्याला गप्प बसवतात. ज्याला आपण आज उदारमतवाद म्हणून मिरवतो, तो मात्र असल्याच मध्ये तोंड घालणाऱ्यांनी उभा केला.

शिकल्यासवरलेल्यांची समजूत निराळी. युरोपातल्या लोकांनी म्हणे धर्मग्रंथ माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य उगवलं. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचं नाव घ्यायला सगळे पुढे. राज्यकारभारावरच्या, १६८९ साली आलेल्या त्याच्या दोन प्रबंधांपैकी पहिला मात्र कुणी उघडत नाही, कारण त्यात पानोपानी बायबलच आहे. रॉबर्ट फिल्मर नावाच्या राजभक्ताने लिहून ठेवलं होतं की देवाने पृथ्वीचं राज्य आदमाला दिलं आणि बापाकडून मुलाकडे येत ते आजच्या राजांपर्यंत पोचलं. थोडक्यात, सातबारा आदमाच्या नावावर. लॉक वारसनोंदी तपासायला बसला. राज्य दिल्याचं कुठल्या वचनात आहे? एकट्या आदमाला दिलं की हव्वेलाही? आणि त्याचा थोरला वारस आज नेमका कोण? फिल्मरचा दावा त्याने फिल्मरच्याच ग्रंथाने खारीज केला. पुढे समतेचा आधारही त्याने तिथूनच घेतला: माणसं देवाने घडवलेली, म्हणून कुणी कुणाचा मालक नाही. याच लॉकने नास्तिकांना सहिष्णुतेतून वगळलं होतं, हे त्याचे भक्त सहसा सांगत नाहीत.

टॉमस पेन तर आणखी बेरकी. १७७६ साली अमेरिकेत राजेशाहीविरुद्ध पुस्तिका काढली, तेव्हा त्याने साक्षीला शमुवेल संदेष्टा आणला. इस्राएल लोक राजा मागतात. शमुवेल बजावतो: तो तुमची पोरं रथापुढे पळवील, पोरींना स्वयंपाकाला लावील, पिकाचा दहावा हिस्सा नेईल, मग बोंब मारलीत तरी देव ऐकणार नाही. ही गोष्ट आम्हाला परकी समजू नका. आमच्याच किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे बेने इस्राएल ज्यू राहत होते. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांच्यासाठी जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं.

पुढे याच पेनने बायबलवरही कोरडे ओढले. त्याचं मानवी हक्कांवरचं पुस्तक १८४७च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. आता फुल्यांनी देव मोडीत काढला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! त्यांनी निर्मिक, म्हणजे सृष्टीचा कर्ता, आणला. उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं आणि त्यात निर्मिकाने स्त्रीपुरुषांना सारखेच हक्क दिल्याचं सांगितलं. लॉकचा देव आणि फुल्यांचा निर्मिक दोघं एकाच कामाला लागले होते. ते पुस्तक फुले गेल्यावर १८९१ साली निघालं.

त्याच साली संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं. मुलींचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढीच बाब. टिळक म्हणाले, धर्मात सरकारने हात घालू नये. रामकृष्णपंत भांडारकरांनी ‘मागासलेला धर्म’ वगैरे म्हटलं नाही; स्मृती काढून आधार दाखवले. शिव्या दोन्हीकडून झाल्या, पण वचनांसकट झाल्या. हल्ली नुसत्या शिव्याच उरल्यात.

बोर्लीहून म्हसळा, माणगाव, लोणेरे करत महाडला पोचता येतं. तिथे २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. त्या कामात पुढे असलेले गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण. आमच्या तालुक्यातल्या श्रीवर्धनहून निघालेल्या भटांनी पुण्यात पेशवाई केली, आणि याच जिल्ह्यात मनूची होळी झाली. इतका हिशोब चुकता करणारा जिल्हा दुसरा दाखवा. त्या परिषदेला बाबासाहेबांनी १७८९च्या फ्रेंच सभेची उपमा दिली होती. वाटलं, आता पोथीचा विषय संपला. पण १९५४ साली आकाशवाणीवर त्यांनीच स्पष्ट केलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे. ज्याने मनू जाळला त्याने तो आधी मुळापासून वाचला होता. जळत्या पोथीचा फोटो भिंतीवर लावणाऱ्यांपैकी कितींनी तो वाचलाय?

पलीकडच्या गोटातही तोच उजेड. धर्मग्रंथाचा अपमान झाला म्हणून मोर्चा काढणाऱ्याला अपमान नेमका कुठल्या अध्यायाचा ते विचारून बघा. तो मोबाईल काढतो, आणि त्यात कुणीतरी पुढे ढकललेला संदेश असतो. एक म्हणतो पोथीत सगळं आहे, दुसरा म्हणतो पोथीत काहीच नाही, आणि उघडायचे कष्ट दोघांनाही नकोत.

तेव्हा ग्रामसभेत, लग्नघरात किंवा टीव्हीवर कुणी शास्त्राचा दाखला दिला, तर हात वर करा आणि अध्याय, ओवी विचारा. ग्रंथ कालबाह्य झाल्याचं कुणी सांगितलं, तर त्यालाही हेच विचारा. गप्प बसवतील, तरी विचारा.