परवानगी मागणाऱ्याचं काही खरं नाही

कायद्याच्या पुस्तकात विनोद शोधायला कोणी जात नाही, हे मराठी विनोदाचं मोठं नुकसान आहे. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा घ्या. २०१०मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय वीट हलवायची नाही. इथवर ठीक. पण मग ‘बांधकाम’ म्हणजे काय, हेही सांगणं आलं. त्या व्याख्येच्या शेपटाला एक अपवाद लोंबतो आहे: गटारं, सार्वजनिक संडास, मुताऱ्या आणि तत्सम सोयी उभारणं हे बांधकाम नव्हे. म्हणजे हजार वर्षांच्या देवळाशेजारी तुम्ही माडी चढवलीत तर गुन्हा. तिथेच मुतारी उभी राहिली तर कायद्याला ती दिसतच नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पर्यटकांनीही जायचं कुठे? तरी आपल्या ऐतिहासिक वास्तूंच्या परिसराचं इतकं प्रामाणिक वर्णन राजपत्रात छापून येईल असं मला वाटलं नव्हतं.

हे वाचत असताना मी भेडाघाटचे एक काका कल्पिले. कल्पिले अशासाठी, की खरे काका अर्ज करण्याच्या भानगडीत पडलेच नसते.

तर हे काका जबलपूरच्या गन कॅरिज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. उभा जन्म तीन प्रतींत गेलेला, त्यामुळे फॉर्मवर गाढ श्रद्धा. घर आजोबांचं, चौसष्ट योगिनींच्या टेकडीच्या पायथ्याशी, म्हणजे १०० मीटरांच्या आत. कवेलूचं छप्पर. वानरं कवेलू फोडतात, पावसाळ्यात देवघरात तांब्या आणि स्वयंपाकघरात बादली ठेवावी लागते. काकू दर वर्षी म्हणतात, “पत्रे टाका नि मोकळे व्हा.” काका म्हणतात, “कायद्याने टाकीन.”

कायद्याने टाकायचं तर आधी घर १६ जून १९९२पूर्वी जागेवर होतं हे दाखवायला हवं. मनाई केलेल्या क्षेत्रात त्या तारखेआधीचं किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेलं घर असेल, तरच दुरुस्तीची परवानगी मागता येते. काकांकडे पुरावा आहे: त्यांच्या मुंजीचा फोटो, अंगणात काढलेला. त्यात काकांचा गोटा स्वच्छ दिसतो, आजोबांचं धोतर दिसतं, आणि ज्याच्यासाठी हा फोटो पेटीतून काढला ते घर नेमकं फोटोग्राफरच्या पाठीमागे आहे.

समजा तेही निभावलं. मग अर्ज, नकाशा, अंतराची मोजणी. अर्ज मिळाला की सक्षम अधिकाऱ्याने १५ दिवसांत तो दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा. प्राधिकरणाने २ महिन्यांत मत कळवायचं. ते आलं की १ महिन्याच्या आत अर्जदाराला होय-नाही सांगायचं. एकूण साडेतीन महिने. काकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला, तर परवानगी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हातात पडेल. तोवर पाऊस नर्मदेवाटे भडोचपर्यंत पोचलेला असेल. ही मी खात्याची चेष्टा करत नाही, कृपा करून लक्षात घ्या. सगळे टेबलावर वेळेवर बसले, कोणी रजेवर गेलं नाही, एकही कागद गहाळ झाला नाही, तर काय होतं तेवढंच सांगतो आहे.

आणि परवानगी मिळते ती दुरुस्तीची. दुरुस्ती म्हणजे असलेल्या इमारतीतले फेरफार; पुनर्बांधणी त्यात येत नाही. मग चार कवेलू बदलले तर दुरुस्ती, अख्खं छप्पर उतरवून पुन्हा चढवलं तर काय? नेमका कितवा कवेलू उचलला की काका दुरुस्तीतून पुनर्बांधणीत जातात? हा प्रश्न काशीच्या पंडितांपुढे ठेवण्याच्या लायकीचा आहे. काकांनी तो अर्जाबरोबर जोडला, आणि त्यांची फाइल जाड झाली.

काकांच्या समोर एक शेजारी राहतात. तेही कल्पनेतलेच, पण त्यांची कल्पना करायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. शेजाऱ्यांनी अर्ज केला नाही. दिवाळीच्या सुट्टीत कचेऱ्या बंद असताना त्यांच्या दारात मिक्सर घरघरला आणि स्लॅब पडला. आता खाली संगमरवरी मूर्तींचं दुकान, वर लॉज, गच्चीवर योगिनींच्या नावाचं रेस्टॉरंट. शेजाऱ्यांच्या प्रकरणात एकही त्रुटी निघाली नाही. निघणार कशात? फाइलच नाही. काकांच्या फायलीत मात्र ती निघाली, कारण काकांची फाइल आहे. जबलपूरच्याच हरिशंकर परसाईंच्या एका गोष्टीत मेलेल्या भोलारामचा जीव पेन्शनच्या फायलीत अडकून बसलेला सापडतो. आमचे काका अजून हिंडते-फिरते आहेत, एवढाच फरक.

कायद्यात शिक्षा नाही असं मात्र समजू नका. मनाई असलेल्या जागी बांधणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या केंद्रीय अधिकाऱ्याने संगनमत केलं, लपवालपवी केली किंवा डोळेझाक केली, त्याला ३ वर्षांपर्यंत. बांधणाऱ्यापेक्षा न बघणाऱ्याला एक वर्ष जास्त. संसदेला देशाची नीट माहिती नसते असं म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावं.

टेकडीवरच्या योगिनींकडे तरी या बाबतीत स्वच्छ कागद आहेत का? नावात ६४, मोजायला जाल तर गोल ओवरीत ८१ देवळ्या. कलचुरी राजांच्या काळी कोणती समिती होती ठाऊक नाही, पण मंजूर नकाशाहून १७ जास्त भरतात, हे आजच्या कुठल्याही कनिष्ठ अभियंत्याच्या लक्षात येईल. हजार वर्षं निघून गेली म्हणून त्या वाचल्या. आपल्याकडे बेकायदा बांधकामाने पुरेसं थांबायची तयारी ठेवली की त्याचं स्मारक होतं.

आता भेडाघाटाहून शहरात येऊ. गढ्याच्या गोंड राजांच्या काळापासून जबलपूर ५२ तलावांचं शहर म्हणून मिरवतं. राणी दुर्गावतीने राणीताल बांधवला, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल झाला, मंत्री आधार कायस्थ यांच्या नावाने अधारताल. राणी, दासी, मंत्री, तिघांच्या नावाने पाणी. १५६४मध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना राणीने प्राण दिले, त्यानंतर राज्यं आली नि गेली. नागपूरकर भोसल्यांचीही दोन दशकं इथे झाली. तलाव मात्र राहिले. त्यांचा निकाल लागला तो आपल्या काळात, आणि तोही कुणाला घाई न करता.

राणीतालावर आज तुम्हाला क्रीडासंकुल सापडेल. चेरीतालात वस्ती. मढातालात पोहायला निघालेला माणूस टॉवेल खांद्यावर घेऊन बाजारात पोचतो. पत्ता सांगताना अर्धं शहर अजून ताल आणि तलैया म्हणतं, आणि उन्हाळ्यात टँकरचा नंबर लावतं.

हे तलाव बुजवण्याचे प्रस्ताव कोणत्या समितीपुढे आले, सदस्यांनी काय शेरे मारले, हे शोधायला जाऊ नका. तलाव बुजवायला प्रस्ताव लागतच नाही. आधी काठावर कोणीतरी मुरूम टाकतो. मुरमावर टपरी येते. टपरीला विजेचं मीटर, मीटरच्या बिलावर घरपट्टी, घरपट्टीच्या पावतीवर मतदार यादीत नाव. एकदा जमीन मतदार यादीत आली की तिच्यात पुन्हा पाणी सोडण्याची छाती कुठल्याही पक्षाची नाही. या साखळीतला प्रत्येक कागद खरा, प्रत्येक शिक्का खरा, आणि शेवटी तलाव तेवढा खोटा ठरतो. मुंजीच्या फोटोत घर न सापडलेल्या काकांनी हे शास्त्र वेळेवर शिकायला हवं होतं.

बदलांना जबलपूरकरांचा एरवी विरोध असतो असं नाही. पाटी जागेवर राहिली पाहिजे, एवढंच. व्हिक्टोरिया रुग्णालयाला सेठ गोविंददासांचं नाव देऊन किती काळ लोटला, रिक्षावाला अजून व्हिक्टोरियालाच नेतो. टाउन हॉल गांधी भवन झाला. १९२३च्या मार्चमध्ये याच इमारतीवर तिरंगा चढवण्यावरून झेंडा सत्याग्रहाची ठिणगी पडली आणि तिथून ती नागपूरला गेली. त्या वेळी सरकारी इमारतीवर कापडाचा एक तुकडा लावला म्हणून लोक तुरुंगात गेले. आज बडा फुहाऱ्याजवळच्या कमानिया गेटाच्या आसपास दर आठवड्याला कुणाच्या तरी वाढदिवसाचं कापड लागतं आणि कोणी तुरुंगात जात नाही. याला स्वातंत्र्य नाही म्हणायचं तर कशाला? हे गेट १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. काँग्रेसचं ते ५२वं अधिवेशन, म्हणून मिरवणुकीला ५२ हत्ती होते. अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, त्यामुळे त्यांच्या जागी त्यांची तसबीर मिरवली. दोन महिन्यांच्या आत त्यांना राजीनामा द्यावा लागला. माणूस आजारी असला तर तसबीर मिरवायची, तलाव आजारी असला तर पाटी.

शहरातली माझ्या मते सर्वांत निगुतीने राखलेली जुनी वास्तू म्हणजे उच्च न्यायालय. राजा गोकुळदासांनी १८८९मध्ये बांधवलेली. १९५६मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूरचं न्यायालय उठून इथे आलं (नागपूरकरांना हे अजून खुपतं, पण तो वेगळ्या सदराचा विषय). ती का राखली गेली याचं संशोधन करायची गरज नाही. आत बसणाऱ्यांना अवमानाची नोटीस काढता येते. तीच सोय राणीतालाला असती तर आज तिथे कमळं असती.

“तुमच्याकडे मुंबईसारखी वारसा समिती हवी,” असं मला पुण्या-मुंबईचे पाहुणे सांगतात. असेल बुवा. मुंबईने १९९५मध्ये देशात पहिल्यांदा वारसा-नियमावली केली, इमारतींना श्रेणी दिल्या: पहिलीला हात लावायचा नाही, दुसरीला जपून लावायचा, तिसरीला विचारून. नियमावली उत्तमच आहे. पण २०१२मध्ये समितीने यादी वाढवून शिवाजी पार्कचा परिसर तीत घालायचं म्हटलं, तेव्हा पार्कातल्या रहिवाशांनी काय आकाशपाताळ एक केलं ते आठवा. काळा घोड्याचा वारसा जपावा, याबद्दल दादरकरांचं दुमत नव्हतं. वारसा नेहमी दुसऱ्याच्या वॉर्डात शोभतो.

मध्य प्रदेशाने तर हा पेच मुळापासूनच सोडवायला घेतला. इथे ‘कंपाउंडिंग’ नावाची सोय आहे. मंजुरीपेक्षा जास्त बांधलं असेल तर शुल्क भरायचं आणि बांधलेलं कायद्यात बसवून घ्यायचं. २०२१मध्ये याची मर्यादा १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली. काकांनी हिशेब करून पाहिला. आधी विचारून, कमी बांधून, साडेतीन महिने थांबायचं. नाहीतर न विचारता, जास्त बांधून, नंतर पावती फाडायची. संरक्षित स्मारकाजवळ ही सोय चालत नाही, हे त्यांना शेवटी कळलं. त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांच्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन चहा घेतला. चहा बरा होता.

पुरातत्त्व खात्याला दोष देणं सोपं आहे, आणि मी तो देतोही, पण जरा बेताने. जबलपूरला खात्याचं वेगळं मंडळ मिळालं ते २०२०मध्ये. तोवर एवढ्या मोठ्या राज्याचं सगळं भोपाळहून चालायचं. माणसं थोडी, स्मारकं फार. २०१३मध्ये महालेखापरीक्षकांनी तपासणी केली तेव्हा देशातली ९२ संरक्षित स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. खात्याने मग शोधाशोध केली. ४२ सापडली. १४ शहरांनी गिळली होती, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली होती, आणि २४ कुठे गेली त्याचा पत्ताच नव्हता. ज्या खात्याला काकांच्या छपराचं अंतर मीटरवर मोजायचं, त्याच खात्याची ही गोष्ट.

शेवटी २०२४मध्ये अशा न सापडणाऱ्या १८ स्मारकांची नावं यादीतून काढून टाकायचं ठरलं. त्यात आमच्या शेजारच्या झाशीतली गनर बर्किल नावाच्या गोऱ्या तोपचीची कबर आहे. यादीतून नाव गेलं की भोवतीची मनाईही गेली. म्हणजे त्या कबरीच्या १०० मीटरांत राहणाऱ्या झाशीकरांना आता छप्पर बदलायला दिल्लीला विचारावं लागणार नाही. ही आनंदाची बातमी त्यांना कळवायला हवी. पण कबर कुठे होती तेच कोणाला माहीत नसल्यामुळे, नोटीस नेमकी कुणाच्या दारावर चिकटवायची, याचा निर्णय व्हायचा आहे.