दाजी आणि भुंगेरा

पावसाळ्यात ताडकळसला सासुरवाडीला आलेल्या जावयानं जेवावं, झोपावं आणि उठून पुन्हा जेवावं, एवढीच अपेक्षा असते. मी मात्र गळ्यात भिंग अडकवून आणि सासूबाईंची चहाची गाळणी खिशात कोंबून शिवारातल्या पाणथळ कडेला जाऊन बसलो. तिथले छोटे भुंगेरे चिखलाच्या भेगांत दडतात आणि काठावर पाणी उडवलं की बाहेर पळतात, असं वाचलं होतं. मग काय, ओंजळी भरभरून पाणी उडवलं, त्यातलं निम्मं माझ्याच अंगावर आलं, काळ्या मातीनं एक चप्पल गिळली, ती उपसताना मी गाळात बैठक मारली, आणि शेळ्या थांबवून एक आजोबा हे सगळं मन लावून बघत राहिले.

"दाजी, काय हुडकायलाव?"

"भुंगेरा."

"रातच्याला घरी दिव्यावर येत्यात की!"

तरी गाळणीत एक सापडला. नखाएवढा, डोक्यावर हिरवी-तांबूस झाक, काळपट पाठीला पिवळी किनार. गाळणी धुवायचं राहिलंच. ती गुपचूप खिळ्याला अडकवली आणि भुंगेरा घेऊन त्याची ओळख पटवायला ओसरीवर बसलो.

एच. ई. अँड्र्यूज या साहेबानं हिंदुस्थानातल्या अशा भुंगेऱ्यांच्या कॅराबिडी कुळावर १९२९ आणि १९३५ साली दोन खंड काढले. जगात या कुळाच्या ४०,०००च्या आसपास जाती. पावलाचे सांधे पाच हवेत, मिशांचे मणके अकरा, आणि पुढच्या नडगीला मिशा विंचरायची खाच! माझ्या मोजणीत मणके कधी नऊ भरत, कधी बारा. बारावी माझी पापणी निघाली.

डार्विननं म्हणे केंब्रिजला असताना, दोन्ही हातांत एकेक भुंगेरा आणि समोर तिसरा, म्हणून हातातला एक तोंडात टाकला. त्यानं जिभेवर जळजळीत रस सोडला, तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. मी तेवढा थोर नाही. माझा एकच होता, तो बाजेखाली पळाला.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, गाळणीला फिनेलचा वास कसा?"

मी ताडकन उठलो. क्लेनियस गटातले भुंगेरे डिवचले की क्रेसोलसारखं, फिनेलच्या वासाचं रसायन सोडतात! पिवळी किनार, पाण्याकाठचा मुक्काम, सगळं जुळलं. साहेबाच्या खंडांना जे जमलं नाही ते सासूबाईंच्या नाकानं केलं होतं. "क्लेनियस!" मी ओरडलो.

सासरेबुवांचा कप तोवर रिकामा झाला होता.